जास्त इथेनॉलवर गाडी चालवायची तर: आधी पाईप, मग आकडे, मॅप सगळ्यात शेवटी

"ई२० वर गाडी झटके खाते, रिमॅप करून द्या." लातूरपासून संभाजीनगरपर्यंत कुठल्याही चालत्या गॅरेजात हे वाक्य आता नेहमीचं झालंय. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई८५ म्हणजे ८५ टक्के. मॅप म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी, हे ठरवणारे इंजिनाच्या संगणकातले तक्ते; ते बदलणं म्हणजे रिमॅप. बॉनेट उघडलं की दिसतं काय? बारा वर्षांचा रबरी पाईप, कंपनीतून आलेला मूळ फिल्टर आणि इनटेकच्या नळीला बारीक चीर. दुसरीकडे टर्बो गाडीवाले तरुण. ई८५ ने पॉवर वाढते एवढं ऐकून ते मॅप आधी विकत आणतात आणि जुन्याच पंप-इंजेक्टरवर चालवतात. दोघांचंही क्रमातच चुकतं. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि एक टप्पा पास झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका. ई२० च्या पुढे जायचं नसेल, तर पहिले चार टप्पे आणि आठवा टप्पा तुमच्या कामाचे. पाच, सहा, सात सोडून द्या.

## १. गाडी कोणत्या गटातली, ते आधी ठरवा

पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचं स्टिकर पाहा आणि मॅन्युअलमधलं इंधनाचं पान काढा. शोरूममधला माणूस तोंडी काय म्हणाला होता, ते इथे धरायचं नाही.

कार्बोरेटरची गाडी, म्हणजे जुनी मारुती ८००, ॲम्बॅसेडर, पद्मिनी, हा पहिला गट. हिच्यात ना सेन्सर ना संगणक. इंधन बदललं तर जेट आणि स्क्रू हातानेच बदलावे लागतात.

इंजेक्शनची, पण एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी हा दुसरा गट, आणि मराठवाड्याच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या याच गटातल्या. मिश्रण थोडं बदललं तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) सांभाळून घेतो, पण पाईप, सील, ओ-रिंग यांची खात्री नसते.

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये इंधनाच्या वाटेवरचे भाग ई२० ला चालतील असे आहेत. एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांचं इंजिनही ई२० साठी जुळवलेलं आहे.

"ई२० चालतं" म्हणजे "ई३० पण चालून जाईल" असं नव्हे. वॅगनआर आणि इनोव्हा हायक्रॉसची फ्लेक्स-फ्युएल (कमी-जास्त इथेनॉलवर चालणारी) रूपं दिल्लीत दाखवली गेली होती. त्यावरून आपल्या दारातली त्याच नावाची गाडीही तशीच असेल, असं धरून चालणारे भेटतात. तशी नसते. त्या गाड्यांचे पंप, इंजेक्टर, सील आणि प्रोग्राम वेगळे होते.

सावधान: ई२० च्या पुढच्या मिश्रणासाठी गाडीत बदल करायचे, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंधनाचा प्रकार बदलला तर आरसीवर नोंद लागते. विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं, आणि वॉरंटीतल्या गाडीची वॉरंटीही जाते. आरटीओत आधी विचारा. पाईप बदलून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

## २. टाकीत नेमकं काय आहे, ते मोजा

पंपावर ई२० लिहिलंय म्हणून टाकीत ई२० आहे, असं धरू नका. विशेषतः सीएनजी किट लावलेल्या गाडीत पेट्रोल महिनोनमहिने पडून असतं आणि टाकीत जुनं-नवं काय मिसळलंय, ते मालकालाही सांगता येत नाही.

शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून १०० मिलिची काचेची मोजनळी बुचासकट आणा. प्लास्टिकची नको, काही प्लास्टिक पेट्रोलमध्ये मऊ पडतं. मग असं करा:

१. नळीत बरोबर ४० मिलि पाणी घ्या. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा.
२. वरून ५० मिलि पेट्रोल ओता. एकूण ९० मिलि.
३. बूच लावून हलवा. मध्येमध्ये बूच सैल करून वाफ सोडा.
४. सपाट जागी दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या.

इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर वाढतो. दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते: वर पिवळसर पेट्रोल, खाली किंचित गढूळ पाणी. खालचा थर आता ५० मिलिवर आला असेल तर १० मिलि इथेनॉल उतरलं, म्हणजे ५० पैकी १०, म्हणजे २० टक्के. थर ४५ वर थांबला तर १० टक्के. इथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान जरासं आक्रसतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. दोन-तीन टक्के इकडेतिकडे झाले तर पंपवाल्याशी वाद घालायला जाऊ नका.

तपासा: पाणी न घालता नुसतं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं आणि त्यातच दोन थर दिसले, तर टाकीत पाणी शिरलंय आणि इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसलंय. पंपाचं तोंड तळाशीच असतं. गाडी सुरू करू नका, टाकी पूर्ण उतरवा.

सावधान: हे काम उघड्यावर, गॅस-विडी-स्विचपासून लांब करायचं. इथेनॉलची ज्वाला भर दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसत नाही. कोरड्या पावडरीचं अग्निशामक हाताशी ठेवा. चाचणी झालेलं मिश्रण परत टाकीत ओतू नका, त्यात आता पाणी आहे.

## ३. इंधनाची वाट: टाकीपासून इंजेक्टरपर्यंत

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. जास्त इथेनॉलवर बंद पडलेल्या जुन्या गाड्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

इथेनॉल दोन गोष्टी करतं. जुन्या साध्या रबराला फुगवतं, मऊ करतं आणि सुकलं की तडकवतं. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा आणि गंज सोडवून पुढे ढकलतं. दुसऱ्या गोष्टीचा त्रास आधी दिसतो: फिल्टर तुंबतो, गाडी चढाला ओढत नाही आणि लोक म्हणतात, "इथेनॉलमुळे पिकअप गेला." जुना फिल्टर कापून पाहा. आतल्या कागदाच्या घड्यांमध्ये चहाच्या गाळासारखा तपकिरी थर बसलेला असतो. तो इथेनॉलने तयार केलेला नसतो. तुमच्या टाकीत तो आधीपासूनच होता, इथेनॉलने फक्त जागचा हलवला.

कामाचा क्रम असा:

१. दाब उतरवा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. त्याआधी एकही क्लिप उघडायची नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात उच्च दाबाच्या बाजूला घरी हातच लावू नका.

२. पाईप वाकवून पाहा. सरळ असताना सगळेच पाईप चांगले दिसतात. अंगठ्याने दुमडा. बाहेरच्या वळणावर केसासारख्या भेगा उघडल्या, की पाईप संपला. क्लिपजवळचं टोक दाबून पाहा. बाकी पाईप टणक आणि तेवढंच टोक पोचट लागत असेल, तर आतून रबर फुगलंय.

३. बदलताना छाप वाचा. इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या पाईपवर "एसएई जे३०आर९" असं छापलेलं असतं. त्याचा आतला थर फ्लोरोइलास्टोमरचा असतो, गॅरेजात ज्याला व्हिटॉन म्हणतात. "ऑइल-पेट्रोल पाईप" म्हणून मीटरवर मिळणारा काळा पाईप स्वस्त पडतो, पण इथे तो चालणार नाही. क्लिपही गोल पट्टीच्या, इंजेक्शनच्या घ्या. स्क्रूच्या साध्या क्लिपची धार रबरात रुतते.

४. ओ-रिंग. इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या, पंपाच्या झाकणाची मोठी, फिल्टरच्या जोडाच्या. सगळ्या फ्लोरोइलास्टोमरच्या टाका. जुनी ओ-रिंग "अजून बरी आहे" म्हणून परत बसवली की तीच आधी गळते.

५. टाकीचा तळ. पंप काढलाच आहे तर टॉर्च लावून आत पाहा. गंजाचे पापुद्रे किंवा चिखल दिसला तर टाकी धुऊनच घ्या. जुन्या गाड्यांच्या टाकीला आतून शिसे-कथलाचा मुलामा असायचा, आणि इथेनॉलचं त्याच्याशी जमत नाही. जस्ताचा मुलामा, उघडं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हेही कच्चे दुवे.

६. फिल्टर दोनदा बदला. एकदा आता, दुसऱ्यांदा नव्या मिश्रणाच्या दोन-तीन टाक्या संपल्यावर. दुसरी वेळ जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. बऱ्याच गाड्यांत फिल्टर टाकीतल्या पंपासोबतच असतो आणि कंपनी तो आयुष्यभराचा म्हणते. कंपनीने तसं म्हटलं तेव्हा टाकीतला जुना गाळ धरलेला नव्हता.

कार्बोरेटरवाल्यांना थोडं जास्त काम आहे. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, नीडलचं रबरी टोक आणि गॅस्केट बदला. मेन जेट एक नंबर मोठं टाका, आयडल मिश्रणाचा स्क्रू पुन्हा जुळवा, फ्लोटची पातळी तपासा. एप्रिल-मेच्या उन्हात जालना किंवा बीड रस्त्यावर गरम इंजिन बंद केलं आणि परत सुरू होईना, तर पेट्रोलची पाईपातच वाफ झालेली असते. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की वाफेचा दाब वाढतो. पाईप सायलेन्सरच्या बाजूने जात असेल तर वाट बदला, उष्णतारोधक वेष्टण घाला.

बाजारात "इथेनॉल प्रोटेक्शन"च्या बाटल्या मिळतात. काहींत गंजरोधक असतं, ते बंद उभ्या गाडीला थोडंफार उपयोगी पडतं. पण साध्या रबराचं व्हिटॉन करणारी बाटली अजून कुणी काढलेली नाही.

तपासा: सगळं जोडल्यावर इंजिन सुरू न करता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, म्हणजे पंप दाब भरेल. प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद धरा. डाग पडला तर पुढे जायचं नाही.

## ४. बदलाआधीचे आकडे टिपा

स्कॅनर लावा. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाइल ॲप पुरतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडलला (रेस न देता, एसी बंद ठेवून), उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर, आणि चौथ्या गिअरमध्ये चढाला. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण तारीख आणि टाकीतलं मिश्रण त्यासोबत हवंच.

ट्रिम म्हणजे ईसीयूने ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडलं. पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये एका लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. जळायला हवाही कमी लागते: शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, तर इथेनॉलला ९. म्हणून ई१० साठी जुळवलेल्या इंजिनाला ई२० वर सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं, ई४० वर ११-१२ टक्के आणि ई८५ वर ३५ टक्के. पहिला आकडा ईसीयू सहज भरून काढतो. दुसरा त्याच्या ताकदीच्या काठावर येतो, कारण जुन्या गाडीच्या ट्रिममध्ये आधीच काही टक्के खर्ची पडलेले असतात. तिसरा बहुतेक गाड्यांच्या मर्यादेबाहेर जातो. ट्रिम साधारण २५ च्या आसपास अडकली की चेक इंजिन लाईट लागते आणि स्कॅनरवर पी०१७१ दिसतो, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झाल्याचा कोड.

आकडे असे वाचा:

- तिन्ही ठिकाणी सारखीच, चार-पाच टक्क्यांची वाढ: हे इथेनॉलचं. ठीक आहे.
- आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर उतरते: कुठून तरी हवा खेचतेय. इनटेकची नळी, ब्रेक बूस्टरचा पाईप, गॅस्केट तपासा.
- आयडलला ठीक आणि चढाला वाढत जाते: इंधन पुरत नाही. फिल्टर, पंप किंवा घाण झालेला हवामापक सेन्सर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दुखण्याचा इथेनॉलशी संबंध नाही. ई१० वर ते लपून होतं, ई२० ने उघडं पाडलं. या अवस्थेत रिमॅप करणारा ट्यूनर तुमचे पैसे घेऊन दुखणं तिथेच ठेवतो.

तपासा: कुठल्याही ठिकाणी लाँग टर्म ट्रिम १० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती.

ॲव्हरेजचंही इथेच पाहून घ्या. ऊर्जेचा हिशोब केला तर ई१० वरून ई२० वर साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट येते. २० ची गाडी १९.३ देईल. तुमची २० वरून १५ वर आली असेल, तर प्लग, ब्रेक चिकटणं, टायरची हवा आणि थर्मोस्टॅट पाहा. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका.

ज्यांना ई२० वरच थांबायचंय, त्यांनी इथून थेट आठव्या टप्प्यावर जावं.

## ५. ई२० च्या पुढे: पंप आणि इंजेक्टर पुरतील का

मॅप कितीही हुशार असला तरी इंजेक्टर उघडा राहू शकतो तेवढाच वेळ राहणार. हिशोब सोपा आहे. पूर्ण रेसवर, वरच्या आरपीएमला इंजेक्टरची ड्युटी सायकल, म्हणजे तो किती टक्के वेळ उघडा असतो, ते पाहा. समजा ७० टक्के आहे. ई८५ साठी ३५ टक्के वाढवा: ७० गुणिले १.३५, म्हणजे ९४.५. ८५ च्या वर जायचं नाही हा धंद्यातला नेम, कारण त्यापुढे इंजेक्टर नीट बंदच होत नाही. म्हणजे इंजेक्टर मोठे हवेत. तेच ५५ टक्के असती तर ७४ वर आली असती आणि मूळ इंजेक्टर चालले असते. टर्बो गाडीत बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवायचा असेल तर तो हिशोब आणखी वेगळा.

पंपालाही तेवढंच जास्त ओतावं लागतं, तेही दाब न पडता. गेज लावून चढाला दाब पाहा. पंप घेताना इथेनॉलसाठीचाच घ्या. इथेनॉलमधून वीज पेट्रोलपेक्षा जास्त वाहते, त्यामुळे टाकीत बुडालेल्या साध्या पंपाचे विजेचे जोड लवकर खराब होतात.

मग फ्लेक्स-फ्युएल सेन्सर. नेहमीचा सेन्सर इथेनॉलचं प्रमाण फ्रिक्वेन्सीत सांगतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. ९० हर्ट्झ आले तर ४० टक्के. तो फिल्टरच्या पुढे, सायलेन्सरपासून लांब बसवा. ईसीयूला तो सिग्नल घेता येतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. बऱ्याच मूळ ईसीयूंमध्ये त्यासाठी वाटच नसते.

सावधान: सेन्सर बिघडला तर ईसीयूने काय करायचं, ते ठरवून ठेवा. इंधनाचं माप शेवटच्या खात्रीच्या प्रमाणावर ठेवायचं आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मात्र पेट्रोलचं, म्हणजे मागे ओढलेलं. दोन्ही पेट्रोलवर टाकलं आणि टाकीत ई८५ असलं, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जातो.

## ६. टाकीत मिश्रण भरणं

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर "इथेनॉल १००" सुरू झालं. नावात शंभर असलं तरी त्यात साधारण ९३ टक्केच इथेनॉल असतं. उरलेलं पेट्रोल आणि थोडा सहद्रावक. हिशोबात ९३ च धरा.

उदाहरण घ्या. टाकीत १० लिटर ई२० आहे, म्हणजे २ लिटर इथेनॉल. ई५० करायचंय. वरून ७ लिटर इथेनॉल १०० घातलं तर त्यातून साडेसहा लिटर आलं. एकूण साडेआठ लिटर इथेनॉल, १७ लिटरमध्ये. बरोबर अर्धं. असा हिशोब पंपावर जाण्याआधी करा. त्यासाठी टाकीत आधी किती आहे ते कळायला हवं, म्हणूनच दुसरा टप्पा.

आता मराठवाड्यातली खास चूक. आजूबाजूला साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्या, आणि कुणीतरी ओळखीचा म्हणतो, "कॅन भरून आणून देतो." हात जोडून नाही म्हणा. एक तर तो गुन्हा आहे, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय तसा माल बाळगता येत नाही. दुसरं, तिथून बाहेर येणारं बहुधा रेक्टिफाइड स्पिरिट असतं, ज्यात चार-पाच टक्के पाणी असतं. साध्या ऊर्ध्वपातनाने तेवढं पाणी निघतच नाही. इंधनाचं इथेनॉल त्यापुढे वेगळ्या प्रक्रियेने निर्जल केलेलं असतं. स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलं की थर वेगळे होतात आणि तळचा थर आधी पंपात जातो.

भरून झाल्यावर लगेच घरी जाऊन गाडी लावू नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवा. पाईपात अजून जुनं मिश्रण असतं आणि ईसीयूला नवं कळायला वेळ लागतो. संध्याकाळी भरलं, दोन गल्ल्या पुढे जाऊन लावली आणि सकाळी सेल्फ मारून बॅटरी उतरवली, ही तक्रार नेहमीची.

## ७. ट्यूनिंग

इथलाही क्रम ठरलेला: इंजेक्टरचं माप आणि उघडण्यातला विलंब, मग मूळ इंधन, मग सुरू होणं आणि गरम होईपर्यंतची वाढ, मग आयडल, मग रस्त्यावरचा साधा वेग, मग पूर्ण रेस. टायमिंग सगळ्यांच्या नंतर.

लॅम्ब्डातच बोला. लॅम्ब्डा म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा: १ म्हणजे बरोबर, त्याखाली इंधन जास्त. वाइडबँड गेज (धुरावरून मिश्रण सांगणारा) मुळात लॅम्ब्डा मोजतो आणि पेट्रोलच्या हिशोबाने एअर-फ्युएल आकडा दाखवतो. ई८५ असलं तरी मिश्रण बरोबर असेल तेव्हा तो १४.७ च दाखवणार. कुणीतरी वाचून येतो की ई८५ ला ९.८ हवं, आणि त्याच गेजवर ९.८ आणून दाखवतो. तो लॅम्ब्डा ०.६७ झाला. प्लग ओले, ऑइलमध्ये इंधन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आयसीयूत. गेज लॅम्ब्डावर करा, गोंधळच मिटेल.

थंडीतलं सुरू होणं हे ई८५ चं खरं कोडं आहे. इथेनॉल थंडीत सहज वाफ होत नाही, सुरुवातीचा भडका उरलेल्या पेट्रोलवर धरतो. परभणीत थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहाटे पाचची गाडी आणि दुपारी दोनची गाडी या दोन वेगळ्या गाड्या समजा. क्रँकिंगचं (सेल्फ मारतानाचं) इंधन तापमानाप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढवा आणि रात्रभर उभ्या ठेवलेल्या इंजिनावरच तपासा. एका सकाळी एकच खरा प्रयत्न मिळतो, त्यामुळे ट्यूनर दिवसाभरात "सगळं झालं" म्हणत असेल तर थंड सुरुवात झालेली नाही असं समजा. हिवाळ्यात इथेनॉलचं प्रमाण ७० च्या आसपास आणणं हा जास्त सोपा उपाय.

टायमिंग. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि वाफ होताना ते हवेला थंड करतं, म्हणून नॉकिंग (इंधन आपोआप भडकून इंजिनात होणारी टकटक) लांबतं. याचाच धोका होतो. पेट्रोलवर टायमिंग फार पुढे गेलं की टकटक ऐकू येते. ई८५ वर ती येत नाही, आणि माणूस पुढे-पुढेच सरकत राहतो. एक-एक अंशाने वाढवा आणि डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा, उलट एक अंश मागे या. त्यापुढचं टायमिंग पॉवर देत नाही, फक्त पिस्टन आणि बेअरिंगवर मार देतं. रस्त्यावर, सोलापूर हायवेवर मित्राच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून हे काम करू नका. टॉर्क कळत नाही आणि जीव जातो.

टर्बो गाडीला एक पायरी थंड प्लग बरे पडतात. साध्या गाडीला मूळचेच ठेवा, नाहीतर थंडीत ओले होतील.

## ८. पहिले काही महिने काय पाहायचं

ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू पाहा. दुधाळ, पिवळट साय दिसली तर ऑइलमध्ये ओल साचतेय. घर ते शाळा ते बाजार अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत, विशेषतः ई५० च्या वर, हे हमखास होतं. इंजिन पुरतं तापत नाही, म्हणून इंधन आणि पाणी उडून जात नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास लांब चालवा आणि ऑइल बदलण्याचं अंतर कमी करा. साय दिसली की हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरवणारे असतात. आधी कूलंटची पातळी पाहा. ती जागेवर असेल तर लांब फेरी मारून पुन्हा तपासा.

प्लगचा रंग वाचायची जुनी सवय थोडी बदला. इथेनॉल स्वच्छ जळतं, प्लग पेट्रोलच्या मानाने पांढरा दिसतो. नुसता रंग पाहून मिश्रण पातळ आहे म्हणू नका, लॅम्ब्डा पाहा. पोर्सिलेनवर बारीक चकाकते ठिपके दिसले तर मात्र गाडी थांबवा, ते नॉकिंगने उडालेलं ॲल्युमिनियम असतं.

गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, पोरगा पुण्याला आणि गाडी गावाकडे, तर जास्त इथेनॉल टाकीत ठेवू नका. ते वापरून संपवा, ई२० ने टाकी काठोकाठ भरा आणि झाकणाचं रबर पाहून घ्या. अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेतून पावसाळ्यात ओल आत जाते. परत सुरू करताना आधी बरणीतली तपासणी, मग सेल्फ.

लांबच्या प्रवासाचं आधी ठरवा. जास्त इथेनॉलचे पंप मोजके, वाटेत बहुतेक ठिकाणी ई२० च मिळणार. फ्लेक्स सेन्सर नसलेल्या, ई८५ च्या एकाच मॅपवर असलेल्या गाडीत ई२० भरलं तर मिश्रण घट्ट (इंधन जास्त) होतं आणि पुढे नेलेलं टायमिंग तसंच राहतं. घट्ट मिश्रणाने नुसता धूर आणि खर्च होतो, पण टायमिंगने इंजिन फुटतं. अशा गाडीत ई२० चा दुसरा मॅप आधीच भरून ठेवा. टाकीत ई८५ असताना मात्र तो लावू नका, त्यावर मिश्रण पातळ होतं. निघण्याआधी ई८५ काट्यापर्यंत संपवा किंवा टाकी उतरवा, ई२० ने फुल करा आणि पंपावरून हलण्याआधी मॅप बदला. पाईपातलं जुनं संपेपर्यंत, पहिले दहा-पंधरा किलोमीटर, हलक्या पायाने चालवा. मग गाडी बाजूला घेऊन ट्रिम पाहा आणि ती दहाच्या आत आल्यावरच वेग घ्या.